अपलोड कोण बघतं?

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय तीन: पाण्याची टाकी, पार्किंगमधल्या कुत्र्यांना कोण खायला घालतं, आणि इंटरनेट. पहिले दोन विषय दीड तास चालले. तिसरा अकरा मिनिटांत आटोपला. (मी घड्याळ लावलं होतं. सवय.)

इंटरनेट कंपनीचा एक तरुण प्रतिनिधी आला होता. टाय, लॅपटॉप, गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक, सगळं नीट. प्रस्ताव असा की पूर्ण बिल्डिंगने तीन वर्षांचा करार करायचा, बाकीच्या कंपन्यांच्या वायरी डक्टमधून काढून टाकायच्या, आणि त्या बदल्यात प्रत्येक फ्लॅटला एक जीबीपीएस. "सर, एक पूर्ण पिक्चर काही सेकंदांत!" सेक्रेटरींनी कौतुकाने मान डोलावली. मी हात वर करून विचारलं, "आणि अपलोड किती?"

त्याने माहितीपत्रक पुढून बघितलं, मागून बघितलं, आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, अपलोड कोण बघतं?"

सगळे हसले. मतदान झालं, तेवीस विरुद्ध चार. चारातला एक मी. सॉफ्टवेअरवाला असून एक जीबीपीएसच्या विरुद्ध मत देतो म्हणजे ह्याचं काहीतरी बिनसलंय, असं खालच्या मजल्यावरच्या काकांनी लिफ्टमध्ये तोंडावर सांगितलं. तेव्हा लिफ्ट तळमजल्यावर पोचली आणि माझं उत्तर राहिलं. ते आज देतो. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

उत्तराच्या आधी दुसऱ्या एका काकूंबद्दल सांगायला हवं. त्या आमच्या वर, पाचव्या मजल्यावर राहतात. बँकेतून निवृत्त झाल्या आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन गाणं शिकवायला लागल्या. आधी भाच्याच्या मुलीला, मग तिच्या मैत्रिणीला, असं करत आज त्यांचे विद्यार्थी न्यू जर्सीत आहेत, लंडनला आहेत, एक नागपूरला आहे. पेन्शनपेक्षा ह्याची कमाई जास्त नाही, पण त्यांच्या भाषेत "दिवसाला आकार आला."

जानेवारीत एकदा जिन्यात भेटल्या. चेहरा उतरलेला.

"अरे, तुला वेळ आहे का जरा? माझा सा तिकडे पोचेपर्यंत तुटतो रे. न्यू जर्सीची ती मुलगी म्हणाली, आजी, तुमचं गाणं रोबोटसारखं येतं. दोघींनी क्लास बंद केला ह्या महिन्यात."

"काकू, प्लॅन कोणता आहे तुमचा?"

"शंभरचा. मुलाने फोनवर सांगितलं दोनशेचा घे. घेऊ का?"

"थांबा, आधी बघतो."

काय बघितलं ते पुढे येईलच. आधी थोडा इतिहास, कारण ह्या तुटलेल्या 'सा'चं मूळ बरंच मागे आहे.

*

भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून. विद्यार्थ्यांसाठी नुसती अक्षरं दाखवणारं स्वस्त 'शेल अकाउंट' असायचं. चित्रं बघायची तर महागडं खातं. १९९८ च्या नोव्हेंबरात खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि मग आमच्यासारख्यांपर्यंत ते आलं. (तुमच्यातले निम्मे तेव्हा जन्मलेही नसतील. असो.)

तेव्हा मीटर पडायचं ते वेळेवर. आयएसपीचे तास वेगळे आणि टेलिफोनचं बिल वेगळं. त्यामुळे आमच्या सवयी वेळेने घडवल्या. ईमेल आधी नोटपॅडमध्ये लिहायची, मग डायल करायचं, मोडेमचा तो खर्रर्र किंचाळा ऐकायचा, पेस्ट, सेंड, डिसकनेक्ट. मध्ये आईने आतल्या खोलीतला फोन उचलला की संपलं. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर पाच एमबीचं एक गाणं कागदावर बारा मिनिटांत उतरायला हवं. प्रत्यक्षात अर्धा तास गृहीत धरायचा.

आता एक गोष्ट, जी तेव्हा मलाही माहीत नव्हती. त्याआधीचा ३३.६ केबीपीएसचा मोडेम दोन्ही दिशांना सारखाच धावायचा. जेवढं घ्याल तेवढंच देता यायचं. १९९८ मध्ये व्ही.९० हे मानक आलं आणि ५६ केबीपीएसचे मोडेम त्यावर चालू लागले, पण फक्त खाली येताना. वर जाताना ३३.६ च. कारण तांत्रिक होतं आणि खरं होतं: आयएसपीचं टोक डिजिटल झालेलं होतं, तुमच्या घराची तार अजून ॲनालॉग होती. म्हणजे घेणं आणि देणं ह्यांची फारकत तिथे पडली. कोणी कट केला नव्हता. सोय होती, झालं.

मग आलं एडीएसएल, ज्यातला 'ए' म्हणजेच असिमेट्रिक, विषम. हे तंत्रज्ञान १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बेलकोरमध्ये रुजलं, आणि त्याच्याकडून टेलिफोन कंपन्यांची मोठी अपेक्षा होती ती मागाल तेव्हा सिनेमा दाखवण्याची. आता तारेची वाटणी कशी केली बघा. तांब्याच्या त्याच जोडीवर आवाजाला खालचे ४ किलोहर्ट्झ. तुमच्याकडून वर जाणाऱ्या डेटाला साधारण २६ पासून १३८ पर्यंत. आणि तुमच्याकडे येणाऱ्या डेटाला १३८ पासून ११०४ पर्यंत. बोलणाऱ्याला बोळ, ऐकणाऱ्याला हमरस्ता. ह्यालाही तांत्रिक कारण होतं, एक्स्चेंजजवळ शेकडो तारा शेजारी शेजारी असल्या की एकीचा गोंगाट दुसरीत शिरतो, आणि वाटणी विषम ठेवली की तो त्रास कमी होतो. मान्य. पण त्या वाटणीत एक गृहीतक शिजवून ठेवलं होतं: घरातला माणूस बघणार आहे, दाखवणार नाहीये.

२००४ मध्ये आपल्या सरकारने ब्रॉडबँड धोरण आणलं. व्याख्या अशी: कायम चालू असणारं, आणि डाउनलोड कमीत कमी २५६ केबीपीएस. अपलोडचा उल्लेख नाही. २००५ पासून घराघरांत ते मोडेम लुकलुकायला लागले. मीटर आता वेळेवरून एमबीवर आलं. दिवसा जपून, आणि आमच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ फुकट. मग काय, अख्खी पिढी दोनचा गजर लावून झोपायला लागली. लिनक्सची ७०० एमबीची एक सीडी २५६ केबीपीएसवर उतरायला किती वेळ लागतो माहितीये? सहा तास आणि साधारण पाच मिनिटं. आणि फुकटची खिडकी बरोब्बर सहा तासांची! दर वेळी शेवटचे काही एमबी दुसऱ्या रात्रीवर जायचे. हा योगायोगच असणार, पण तेव्हा तो वैयक्तिक अपमान वाटायचा.

त्याच काळात पुण्या-मुंबईत दुसरं एक इंटरनेट होतं, ज्याबद्दल कोणी धोरण लिहिलं नाही. केबलवाल्याचं. गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या निळ्या वायरी, पावसाळ्यात जळणारे स्विच, आणि ६४ केबीपीएस चार जणांत वाटून. बाहेरच्या जगासाठी भिकार. पण आतल्या आत, एका बिल्डिंगमधून पलीकडच्या बिल्डिंगमध्ये, पूर्ण १०० एमबीपीएस, आणि दोन्ही दिशांना सारखे! डीसी प्लस प्लसवर एकमेकांचे फोल्डर, काउंटर-स्ट्राइकचा सर्व्हर कोणाच्या तरी बेडरूममध्ये, कोणी बनवलेली शॉर्ट फिल्म पन्नास जणांनी रातोरात बघितलेली. (कॉपीराइटबद्दल विचारू नका. तेव्हाही चूक होतं, आताही चूक आहे.) माझा मुद्दा एवढाच की पाइप दोन्हीकडून सारखा मिळाला तेव्हा लोक नुसते बघत बसले नाहीत. लोकांनी वाढलं.

*

आता मोबाईल. इथे मी सांभाळून लिहिणार आहे, कारण मोबाईल इंटरनेटला नावं ठेवणं ही ब्रॉडबँडवाल्या शहरी माणसाची चैन आहे.

थ्रीजीचा लिलाव २०१० ला झाला, फोरजी २०१२ ला कोलकात्यात सुरू झालं, पण खरा बांध फुटला ५ सप्टेंबर २०१६ ला, जिओ आल्यावर. त्याआधी आपण महिन्याला एक जीबी मोजून वापरायचो. त्यानंतर दिवसाला एक जीबीचे प्लॅन आले. सांगलीजवळच्या आमच्या गावात जिथे लँडलाइनला सहा वर्षं प्रतीक्षा यादी होती, तिथे माझी मावशी आज व्हिडिओ कॉलवर भाजीची चव सोडून सगळं दाखवते. नव्या आयपीव्ही६ पत्त्यांच्या वापरात भारत आज जगातल्या अगदी पुढच्या देशांत आहे, तेही मोबाईल नेटवर्कमुळेच. हे श्रेय नाकारण्याइतका मी कद्रू नाही.

पण गरजही तिथे थांबली नाही ना! १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी पिकाची नोंद करायचा. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून ॲपमध्ये पिकाचा फोटो काढायचा आणि तो सरकारच्या सर्व्हरवर पोचवायचा. कुठल्या दिशेने जातो हो हा फोटो? वर. दुकानदार पैसे आले की नाही ते बघतो, आशाताई माहिती भरतात, परीक्षेचा फॉर्म, सही, अंगठा, दाखल्याचा स्कॅन. सामान्य माणसाच्या आयुष्यातलं इंटरनेटचं जे काम अडलं तर नुकसान होतं, ते बहुतेक काम वर जाणारं आहे. पिक्चर उद्या बघता येतो. पीक पाहणीची मुदत उद्या नसते.

२०२० च्या मार्चने हे सगळ्यांना एका आठवड्यात शिकवलं. २५ मार्चला देश बंद झाला. एका घरात दोन नोकऱ्या, दोन शाळा, आणि एडीएसएलचं एक एमबीपीएसच्या आसपासचं अपलोड. तेव्हा व्हिडिओवाल्या बड्या कंपन्यांनी नेटवर्कवरचा ताण कमी करायला भारतात मोबाईलवरच्या चित्राचा दर्जा ४८० पीवर आणला. चांगलं केलं. पण घरोघरी जे तुटत होतं ते बहुतेक वेळा येणारं चित्र नव्हतं, तर "सर, तुमचा आवाज येत नाहीये" हे होतं. येत नाहीये म्हणजे तुमच्याकडून जात नाहीये.

*

आता काकूंच्या घरी चला.

मी लॅपटॉप लावला. डाउनलोड शंभरच्या शंभर, कंपनीने शब्द पाळलेला. अपलोड दहा. पिंग, म्हणजे एक छोटा निरोप जाऊन यायला लागणारा वेळ, नऊ मिलिसेकंद. उत्तम. मग काकूंना म्हटलं, आता नेहमीसारखा क्लास सुरू करा. दहा मिनिटं बरं चाललं. आणि मग नातू कॉलेजातून आला, त्याचा फोन वायफायला लागला, आणि त्याने दिवसभरात काढलेले फोटो-व्हिडिओ गुपचूप क्लाउडवर चढायला लागले. पिंग नऊवरून सातशेवर गेला. 'सा' तुटला.

काय झालं ते सोप्या हिशोबात सांगतो. राउटरमध्ये एक रांग असते. वर जाणारा माल जास्त आला की तो त्या रांगेत थांबतो. समजा रांगेत एक एमबी मावतो, म्हणजे आठ मेगाबिट. दाराची रुंदी सेकंदाला दहा मेगाबिट. म्हणजे रांगेच्या शेवटी उभ्या राहिलेल्याला ०.८ सेकंद थांबावं लागणार. नातवाच्या फोटोंना काही फरक पडत नाही, त्यांना घाई नाही. पण काकूंच्या आवाजाचा प्रत्येक बारीक तुकडा त्याच रांगेत मागे उभा. ह्याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस ह्या अभियंत्याने साधारण २०१० पासून ह्याबद्दल जाहीर आरडाओरडा केला. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 'कोडेल' नावाचा उपाय मांडला, आणि त्याचीच सुधारित आवृत्ती 'एफक्यू-कोडेल' २०१८ मध्ये रीतसर आरएफसी म्हणून छापून आली. फुकट, खुली, लिनक्समध्ये तयार. ती प्रत्येकाची वेगळी रांग करते आणि कुठलीही रांग फुगू देत नाही.

मग काकूंच्या राउटरमध्ये ती सोय होती का? माहीत नाही, कारण तो राउटर कंपनीचा, त्याचा पासवर्ड कंपनीकडे, आणि कस्टमर केअरने तीन वेळा तो बंद करून चालू करायला सांगितला. शेवटी मी माझ्या कपाटातला जुना राउटर मध्ये लावला, एफक्यू-कोडेल चालू केलं, अपलोड साडेआठवर बांधलं. नातवाचे फोटो चढत असताना पिंग: वीस. खर्च शून्य. प्लॅन तोच.

आता कळलं, दोनशेचा प्लॅन घेतला असता तर काय झालं असतं? अपलोड दहाच राहिलं असतं तर काहीही नाही. काकूंनी दरमहा जास्त पैसे भरून तोच तुटलेला 'सा' पाठवला असता.

प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. पुणे ते न्यू जर्सी साधारण साडेबारा हजार किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे अगदी सरळ रेषेत केबल टाकली तरी एका बाजूला बासष्ट मिलिसेकंद. प्रत्यक्षात वळसे घेत जाऊन-येऊन दोनशेच्या पुढे. त्यामुळे काकू आणि ती मुलगी एकाच वेळी एका ठेक्यावर गाऊ शकणार नाहीत. कधीच नाही, कुठल्याही प्लॅनवर नाही. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "ते चालेल रे, मी एक ओळ म्हणते, मग ती म्हणते. गुरूसमोर तसंच शिकलो आम्ही. पण जे म्हटलं ते अख्खं पोचायला हवं."

ह्या वाक्यातच माझं सगळं म्हणणं आलं. जे भौतिकशास्त्राने अडलंय ते माणूस समजून घेतो, त्याभोवती मार्ग काढतो. जे कोणीतरी बघितलंच नाही म्हणून अडलंय, ते मात्र सहन करायचं कारण नाही.

*

आता लिफ्टमधल्या काकांचे (आणि तुमचे) आक्षेप.

पहिला: "बहुतेक लोक बघतातच. कंपनी मागणीप्रमाणे माल देते." हो, आकडे काढले तर खाली येणारा डेटा वर जाणाऱ्याच्या कितीतरी पट निघेल. पण जिन्याची रुंदी ठेवायची एका माणसाएवढी आणि मग म्हणायचं की बघा, इथून एका वेळी एकच माणूस जातो! शिवाय गरज जीबीत मोजत नाहीत. काकूंचा तासाभराचा क्लास एका सिनेमापेक्षा कितीतरी कमी डेटा खातो. त्यांचं घर मात्र त्या क्लासवर उभं आहे.

दुसरा: "तंत्रज्ञानाची मर्यादा आहे." होती. तांब्यात होती. फायबरमध्ये ती सबब चालत नाही. घरोघरी येणाऱ्या जीपॉन फायबरची क्षमता खाली २.५ जीबीपीएस आणि वर १.२५, बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटून. म्हणजे प्रमाण दोनास एक. मग प्लॅनमध्ये ते दहास एक कसं होतं? बऱ्याच कंपन्या आज फायबरवर दोन्ही बाजूंना सारखा वेग देतातही. देतात त्यांचं कौतुक, कारण त्यांनीच सिद्ध केलंय की जमतं. आता फाइव्हजीवरून हवेतून येणारं घरगुती नेट वाढतंय, आणि तिथे पुन्हा बहुतेक वेळ खाली येणाऱ्या डेटाला वाटून दिलेला असतो. एडीएसएलची जुनी वाटणी नव्या कपड्यांत. वायर टाकणं शक्यच नसेल तिथे ते घ्या, पण काय घेताय ते कळून घ्या.

तिसरा, आणि हा मला सगळ्यात जास्त चावतो: "घरी सर्व्हर कोण चालवतो?" तुम्ही चालवता. दारावरचा कॅमेरा हा सर्व्हरच आहे. तुम्हाला ऑफिसातून स्वतःच्या दाराकडे बघायचंय. पण तुमच्या घराला इंटरनेटवर स्वतःचा पत्ताच नाही. आयपीव्ही४ चे पत्ते जगभरात मिळून सव्वाचार अब्जांच्या आसपास. मोठा साठा २०११ मध्ये संपला, तेव्हापासून कंपन्या एका पत्त्यामागे अनेक घरं कोंबतात. मग कॅमेऱ्यातलं चित्र आधी कॅमेरा कंपनीच्या क्लाउडवर जातं, आणि तिथून ते तुम्हाला दाखवायचे ते महिन्याला पैसे घेतात. स्वतःच्या घरात डोकावायचं भाडं! आयपीव्ही६ मध्ये पत्त्यांचा तुटवडा नाही, पण राउटर कंपनीने कुलूपबंद ठेवला तर तो पत्ता काय कामाचा? पत्त्याविना घर म्हणजे फक्त गिऱ्हाईक.

*

आणि सरकारी व्याख्या? २००४ ची २५६ केबीपीएस २०१३ मध्ये ५१२ झाली, २०२३ मध्ये दोन एमबीपीएस. बाकीचं वाक्य काढून वाचा: कमीत कमी डाउनलोड वेग, कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंत. अजूनही अपलोडचा शब्द नाही. ट्रायच्या २०२४ च्या सेवा-दर्जाच्या नियमांत बऱ्याच चांगल्या गोष्टी आल्या. जिल्हाभर सेवा चोवीस तासांहून जास्त बंद राहिली तर ग्राहकाला भरपाई, हे त्यातलंच. पाऊल योग्य दिशेने आहे. पण चाळीस मिनिटं नेट गेल्यामुळे नोकरीची मुलाखत हुकलेल्या पोराला त्यात जागा नाही.

पण मला खरा राग सरकारचा नाही, कंपनीचाही नाही. त्या टायवाल्या मुलाचा तर नाहीच. तो खरं बोलला. अपलोड कोणी बघत नाही, कारण आपण विचारत नाही. आपण! दिवसभर नेटवर्कवर पोट भरणारे, स्टँडअपमध्ये लेटन्सीवर भांडणारे आपण, घरी आलो की एकच आकडा बघून प्लॅन घेतो. गाडी घेताना फक्त कमाल वेग बघणाऱ्याला आपण हसतो. इथे तेच करतो.

आणि आपण बोललो की फरक पडतो, हे बघितलंय. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी दहा लाखांहून जास्त ईमेल ट्रायकडे गेल्या. त्यातल्या कितीतरी तुमच्याआमच्यासारख्यांनी लंच ब्रेकमध्ये पाठवल्या. ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम आला: कुठली साइट बघता त्यावरून डेटाचे दर वेगळे लावता येणार नाहीत. तेव्हा तर समोर जगातल्या बड्या कंपन्या होत्या. इथे समोर फक्त सोसायटीचा सेक्रेटरी आहे!

तर प्लॅन घेण्याआधी चार प्रश्न. लेखी विचारा, लेखी उत्तर मागा.

एक, अपलोड किती, आणि 'अपटू' काढून किती? दोन, लाइन पूर्ण भरलेली असताना पिंग किती राहतो? (स्वतः मोजा: एकीकडे मोठी फाइल चढवा, दुसरीकडे पिंग बघा. पाच मिनिटांचं काम.) तीन, सेवा बंद पडली तर किती तासांनी पैसे परत, आणि तक्रार न करता मिळतात का? चार, माझा राउटर मी लावू शकतो का, आणि मला बाहेरून पोचता येईल असा पत्ता मिळेल का? आणि कोणी पूर्ण बिल्डिंगचा करार घेऊन आलं तर पाचवा: बाकीच्या वायरी का काढायच्या? माल चांगला असेल तर शेजारच्या दुकानाची भीती कशाला?

मीटिंगनंतर मी कंपनीला पहिला प्रश्न ईमेलने विचारला. तीन दिवसांनी उत्तर आलं: अपलोड 'बेस्ट एफर्ट' असेल. मराठीत, बघू जमलं तर. ती ईमेल मी प्रिंट काढून सेक्रेटरींना दिली. त्यांनी घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, सही पुढच्या महिन्यात आहे, तोवर कमिटीत वाचून दाखवतो. बघू.

हा करार सही झाला तर काकूंच्या घरची आत्ताची वायर निघेल आणि माझा जुना राउटर नव्या डब्यामागे चालेल की नाही, ते त्या कुलपावर अवलंबून. न्यू जर्सीची मुलगी मागच्या शुक्रवारी परत आली. काल संध्याकाळी वरून यमन ऐकू येत होता. एक ओळ काकूंची, मग थोडी शांतता, मग स्पीकरमधून तिची.

त्या शांततेतला भौतिकशास्त्राचा वाटा मला मान्य आहे. त्याच्यावरचा एकही मिलिसेकंद मान्य नाही.